क्लेम पास झाला तरी ६३ हजार बाकी कसे? होमलोनच्या इन्शुरन्सचा माझा अनुभव

होमलोन घेताना बँकेत जो लोन इन्शुरन्स गळ्यात मारतात ना, त्याच्याबद्दल लिहितोय. "काही झालं तर घरच्यांवर एक रुपयाचा बोजा नाही" असं सांगून दाजींकडून एकरकमी ५२ हजार प्रीमियम घेतला होता, तोही लोनमध्येच मिळवला, म्हणजे त्याच्यावर पण इतकी वर्षं व्याज भरलं. १४ नोव्हेंबर २०२४ ला दाजी हार्ट अटॅकने गेले. वय ४६. ताई को-बॉरोअर, म्हणजे कर्जात तिचंही नाव, पोरं दोन्ही शाळेत, त्यामुळे बँकेचं सगळं मी बघायचं ठरलं.

३ डिसेंबरला सांगलीच्या शाखेत डेथ सर्टिफिकेट, क्लेम फॉर्म, ताईची केवायसी, कॅन्सल्ड चेक, इन्शुरन्स सर्टिफिकेटची झेरॉक्स असं सगळं दिलं आणि आमच्या कॉपीवर शिक्का, सही, तारीख घेतली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला "साहेब, शिक्क्याची गरज नाही, सिस्टिमला नोंद होते." म्हटलं असू दे, तरी मार. तो एक शिक्का पुढे किती उपयोगी पडला ते सांगतोच.

इथे एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते. ही ग्रुप पॉलिसी असते, मास्टर पॉलिसी बँकेच्या नावावर, आपल्याला फक्त सर्टिफिकेट. त्यामुळे कागद आपण बँकेत देतो आणि बँक ते विमा कंपनीला पाठवते. मध्ये बँकेने किती दिवस फाईल दाबून ठेवली हे आपल्याला कळतच नाही. आणि कव्हरची रक्कम ठरते मृत्यूच्या तारखेला, पण लोनचं व्याज मात्र पैसे जमा होईपर्यंत चालूच राहतं. क्लेम जितका लांबेल तितका खड्डा वाढत जातो.

आमचं तेच झालं. विमा कंपनीचा क्लेम नोंदवल्याचा मेसेज आला २४ जानेवारीला. मग त्यांना हॉस्पिटलचे इनडोअर केस पेपर, म्हणजे ॲडमिट असतानाच्या उपचारांचे कागद, पाहिजे झाले, ते आम्ही हॉस्पिटलच्या मागे लागून काढले आणि २८ फेब्रुवारीला दिले. त्यानंतर नुसतं "अंडर प्रोसेस". पैसे आले २० मे ला. ११ लाख ८२ हजार, म्हणजे दाजी गेले त्या दिवशी लोन जेवढं बाकी होतं बरोबर तेवढेच. ताईला वाटलं सुटलो बाबा. आठ दिवसांनी बँकेचा फोन, ६३,४१२ रुपये भरा मग एनओसी (कर्ज फिटल्याचं पत्र) मिळेल.

ताई म्हणाली "अरे भरून टाक, मला आता त्या बँकेची पायरी नको." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं, पण आधी अकाउंट स्टेटमेंट मागितलं आणि रात्री पेन घेऊन एकेक ओळ बघत बसलो. ५६,७४२ व्याज. ३,१३० पीनल चार्जेस, म्हणजे हप्ता थकल्याचा दंड. आणि दर महिन्याच्या ५ तारखेला एक ओळ, ५९० रुपये, हप्ता रिटर्न चार्जेस, ५०० अधिक जीएसटी, अशा सहा ओळी. आता हप्ता जायचा दाजींच्या सेव्हिंगमधून, याच शाखेतल्या. डेथ सर्टिफिकेट दिल्यावर ते खातं यांनीच फ्रीज केलं. आणि मग पहिल्याच ५ डिसेंबरपासून खात्यातून हप्ता गेला नाही म्हणून दंड लावला! खात्यात पैसे होते ओ, ४० हजारांच्या वर. पासबुकच दाखवलं मॅनेजर मॅडमना. त्या म्हणाल्या "सर, ते ऑटोमॅटिक लागतं."

तेव्हा डोक्यात एक गोष्ट पक्की झाली, की ६३ हजार ही एक रक्कम नाहीच. बँकेने फाईल ठेवली त्याचं व्याज वेगळं, विमा कंपनीने उशीर केला त्याचं वेगळं, आम्हाला कागद जमवायला लागला तो वेळ वेगळा, आणि दंड तर सरळ चुकीचाच. "उशीर झाला, अन्याय झाला, माफ करा" असं मोघम लिहिलं की कस्टमर केअरवाले छापील उत्तर देऊन मोकळे होतात. एका कागदावर तारखा मांडल्या, प्रत्येक टप्प्यासमोर फाईल तेव्हा कोणाकडे होती ते लिहिलं आणि तेवढ्या दिवसांचं व्याज टाकलं. मग दोन वेगळ्या तक्रारी केल्या.

विमा कंपनीला लिहिलं की विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या नियमात डेथ क्लेमला चौकशी नसेल तर १५ दिवस आणि चौकशी असेल तर ४५ दिवस दिलेत, तुम्ही शेवटचा कागद मिळाल्यावर ८१ दिवस घेतले, तर रिझर्व बँक ठरवते तो बँक रेट अधिक २ टक्के दराने व्याज द्या. हे व्याज त्यांनी न मागता स्वतःहून द्यायचं असतं बरं का, पण कोण देतं. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, मग आयआरडीएआयच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर टाकलं. महिनाभरात उत्तर आलं नसतं तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जायची तयारी होती, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. पण पोर्टलवर टाकल्यावर कंपनीचाच फोन आला आणि बावीस हजारांच्या आसपास लोन खात्यात जमा झाले.

बँक जास्त चिवट. आधी म्हणाले उशीर विमा कंपनीचा. मग मी शिक्क्याची कॉपी आणि २४ जानेवारीचा मेसेज शेजारी शेजारी ठेवून पाठवले. तेव्हा सूर बदलला, सर ४० हजारात सेटलमेंट करून टाकू. इथे सावध राहा मित्रांनो, सेटलमेंट हा शब्द दिसायला गोड आहे पण सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद राहते तिथे, लोन 'सेटल्ड' म्हणून पडतं, 'क्लोज्ड' नाही, आणि पुढे कोणी लोन देताना दहा वेळा विचार करतं. ताई को-बॉरोअर, म्हणजे डाग तिच्या नावावर. साफ नाही म्हणून सांगितलं. मधल्या काळात रिकव्हरीवाल्याचे फोन सुरू झाले, एकदा रात्री साडेआठला. रिझर्व बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढून तोही तक्रारीला जोडला. बँकेने ३० दिवसांत नीट उत्तर दिलं नाही म्हणून रिझर्व बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार केली, तीही फुकट. अडलं तर १४४४८ ला फोन करायचा, मराठीत बोलतात.

त्यानंतर बँकेच्या हेड ऑफिसातून एक जण फोनवर आला आणि पहिल्यांदाच कोणीतरी तारखा वाचून बोलला. रिटर्न चार्जेस आणि पीनल पूर्ण रिव्हर्स, आणि ३ डिसेंबर ते २४ जानेवारी फाईल त्यांच्याकडे होती त्याचं साधारण साडेपंधरा हजार व्याज पण परत. राहिले एकोणीस हजार आणि थोडे. ते आम्ही भरले. दाजी गेल्यापासून आम्ही कागद देईपर्यंतचे आणि हॉस्पिटलच्या पेपरसाठी गेलेले दिवस त्यात होते, त्यावर भांडलो असतो तर अजून पाच-सहा महिने गेले असते. काही जण म्हणतील तेही सोडायला नको होतं. असेल. पण ताईला घराचे कागद हातात हवे होते.

भरताना लेखी घेतलं की खातं 'क्लोज्ड' दाखवणार. आणि पूर्ण फेड झाल्यावर ओरिजिनल कागद ३० दिवसांत द्यायचे, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व बँकेचा नियम आहे, तो अर्जात लिहिला. मूळ खरेदीखत आणि इंडेक्स टू वेळेत मिळाले. ताईने पानं मोजून घेतली, मॅडमसमोरच.

सिबिलचं अजून अर्धं बाकी आहे. खातं बंद दिसतंय, पण मार्च आणि एप्रिलचे हप्ते थकीत दाखवतायत. ही नोंद चुकीची आहे असा डिस्प्युट टाकलाय. ३० दिवसांत दुरुस्त झालं नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते, त्याचा अर्ज तयार करून ठेवलाय.