पाणी कुठवर येतं ते ठाऊक असताना सर्व्हे कशाला?

चिपळूण, खेड, महाड या पट्ट्यात मी लेव्हल (जमिनीची उंची मोजणं) आणि सर्व्हेची कामं करतो. रस्त्याच्या कडेला तिपाई मांडली की कुणीतरी येऊन विचारतंच, "पुराचा सर्व्हे का? अहो, पाणी कुठवर येतं ते इथलं शेंबडं पोरही सांगेल. त्याला सरकारी पैसा कशाला? तेवढ्यात गाळ काढून होईल." हा प्रश्न फोनवर येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, एकदा तर बारशाला आला. उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

पाणी कुठवर येतं ते लोकांना खरंच ठाऊक असतं. चिपळूणच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या खांबावर ऑइलपेंटच्या दोन रेघा आहेत. खालची २००५ ची, वरची २०२१ ची. मालकीणबाईंनी स्वतः ओढलेल्या. मी स्टाफ (उंची मोजायची खुणांची पट्टी) लावून उंची घेत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, वरची रेघ मी पाणी उतरल्यावर चिखलाचा डाग बघून मारलीय. खरं पाणी त्याच्याही वर चार बोटं असेल." असली माहिती उपग्रह देणार नाही.

पण ती रेघ पाणी कुठून आलं ते सांगत नाही. वाशिष्ठी नदीतून आलं, शिवनदीतून आलं, की मागचा पऱ्या, म्हणजे ओढा, रस्त्याखालच्या मोरीपाशी तुंबून उलटला? तिन्हींवरचा इलाज वेगळा. मोरीने घात केला असेल तर वाशिष्ठी खडकापर्यंत खरवडा, त्या दुकानात पाणी यायचं ते येणारच.

मोरीचंच बघा. गावाबाहेरच्या एका पऱ्यावर सिमेंटचे दोन पाइप टाकलेले. एकात अर्ध्यापर्यंत गाळ, दुसऱ्याच्या तोंडाशी गादी अडकलेली, कापूस बाहेर आलेला. वरचा रस्ता दर खेपेला डांबराचा नवा थर घेऊन उंच झालेला, त्यामुळे शेजारच्या घरांच्या पायऱ्या आता चढायच्या नाहीत, उतरायच्या आहेत. पाइपाचा व्यास, त्याच्या तळाची उंची, रस्त्याच्या माथ्याची उंची, घराच्या जोत्याची उंची, एवढे चार आकडे घेतले की कळतं: पऱ्याला रस्ता ओलांडायचा तर आधी पाणी घरात शिरणार. रस्ता धरण झालाय. नालेसफाईत गादी निघेल, पण रस्त्याची उंची तशीच राहील.

त्यात आपलं कोकण. दाभोळच्या खाडीची भरती गोवळकोटापर्यंत येते. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे, मोठ्या भरतीचे दिवस. वरून घाटाचा पाऊस, खालून भरती. शिवाय कोयनेच्या वीजघरांचं पाणी कोळकेवाडी धरणामार्गे वाशिष्ठीतच उतरतं. पुरानंतर कोळकेवाडीच्या पाण्याचा वाटा किती, यावर गावभर भांडणं झाली. या भांडणाला पुरावा एकच: शहरातल्या दोन-तीन ठिकाणी पाणी ताशी किती चढलं याची नोंद. धरणाची नोंद धरणवाले ठेवतात. शहरातली कुणी ठेवायची? माझ्या मते नगरपरिषदेने, कारण बांधकामाची परवानगी तीच देते आणि गटारंही तीच साफ करते. महाडला सावित्री आणि बाणकोटची खाडी, राजापूरला अर्जुना आणि कोदवली या नद्या. गणित तेच.

आता पैशाचं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सगळ्या राज्यांच्या आपत्ती निधीत मिळून १,६०,१५३ कोटी रुपये धरले. त्यातले ४० टक्के मदतकार्याला, ३० टक्के पुनर्बांधणीला, १० टक्के तयारीला आणि २० टक्के सौम्यीकरणाला, म्हणजे धोका आधीच कमी करायला. वाटणी वाईट नाही. पण हा पैसा राज्याकडे येतो, आणि छोट्या गावाला त्यातलं काही हवं असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत प्रस्ताव जावा लागतो. प्रस्तावात लिहायचं काय? किती घरं पाण्यात जातात, किती खोल, भिंत बांधली किंवा मोरी मोठी केली तर किती वाचतील. हे आकडे सर्व्हेशिवाय येत नाहीत, आणि सर्व्हेला पैसे नाहीत म्हणून तर प्रस्ताव करायचा असतो! ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा थेट निधी मिळतो, पण पंधराव्या वित्त आयोगात त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते. उरलेल्यात रस्ता, दिवाबत्ती, अंगणवाडी. सरपंच त्यातून पुराचा सर्व्हे करत नाही, आणि त्याची जागा मी घेतली तर मीही करणार नाही.

२०२५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती झाली. राजधानीच्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती प्राधिकरणाची सोय झाली. चिपळूण, खेड, महाड, राजापूर या सगळ्या नगरपरिषदा. म्हणजे ज्यांच्या गळ्याशी पाणी येतं ते रांगेच्या बाहेर. इंग्लंडात २००७ च्या पुरानंतर, २०१० च्या कायद्याने, पावसाच्या तुंबणाऱ्या पाण्याचा धोका बघायची जबाबदारी थेट काउंटी कौन्सिलांसारख्या स्थानिक संस्थांवर टाकली. तसंच्या तसं उचला असं म्हणत नाही, पण काम कुणाचं हे तरी तिथे ठरलेलं आहे.

अभ्यासाच्या नावाने पैसे खाल्ले जातात का? जातात. मी एक जाडजूड अहवाल पाहिलाय, त्यातला उंचीचा नकाशा इंटरनेटवरच्या फुकटच्या उपग्रह माहितीवर केलेला. ती माहिती तीस-तीस मीटरच्या चौकोनांची असते आणि उंचीत काही मीटर सहज चुकते. बाजारपेठेत एका मीटरने गल्ला बुडतो किंवा वाचतो. त्या नकाशात नदी एका टेकाडावरून वाहत होती. रंग मात्र सुरेख होते.

दुसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो: "सर्व्हे झाला की पूररेषा लागते, रेषा लागली की जागा मातीमोल." ही भीती खोटी नाही. जलसंपदा विभागाची निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाची. निळ्याच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या-लालच्या मध्ये अटी. चिपळुणात यावरून केवढा विरोध झाला ते सगळ्यांना माहीत आहे. पण 'पंचवीस वर्षांतून एकदा' हे ऐकायला जितकं लांबचं वाटतं तितकं नसतं. दर वर्षी चार टक्के शक्यता. तीस वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास जाते. जागा विकताना ही गोष्ट दडवता येईल, घेणाऱ्याच्या घरात पाणी शिरायचं थांबणार नाही.

आणि रेषा चुकीची असेल तर? मग हरकत घ्यायची. 'आमच्यावर अन्याय झाला आहे' अशी हरकत फायलीत जाते. 'अमुक नाक्यावर रस्त्याची उंची प्रत्यक्ष इतकी आहे, तुमच्या नकाशात इतकी दाखवली आहे' असं लिहिलं तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. असे आकडे एकट्या घरमालकाला परवडत नाहीत, नगरपरिषदेला सार्वजनिक पैशातून परवडू शकतात. वाशिष्ठीतून गाळ काढला, म्हणजे नदीचा छेद (पात्राची रुंदी-खोली) बदलला. तो परत मोजला नाही तर आधीच्या छेदावरची रेषा तशीच आपल्या बोकांडी बसणार. गाळ काढा म्हणणाऱ्यांनीच खरं तर सर्व्हे मागायला हवा.

नगरसेवक कुणी वाचत असतील तर एक सांगतो. आमच्या धंद्यात छापील अहवाल देतात आणि कच्चे आकडे स्वतःकडे ठेवतात, म्हणजे पुढचं कामही आपल्यालाच. निविदेत एक ओळ घाला: सगळ्या लेव्हल, सगळे छेद, बेंचमार्कच्या (उंची ठरवून ठेवलेल्या पक्क्या खुणांच्या) जागा, मूळ फाइलींसकट नगरपरिषदेच्या ताब्यात द्यायच्या, त्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. माझ्या धंद्यातले काहीजण यावर माझ्याशी बोलायचे बंद होतील, पण ओळ घालाच.