पेटीचा आवाज सिंथेसायझरवर उतरवताना : माझा अनुभव

आत्याची खर्ज-नर पेटी, म्हणजे खालच्या सप्तकाचे (खर्ज) आणि मधल्या सप्तकाचे (नर) असे रीडचे दोन संच असलेली पेटी, अनेक वर्षे आमच्याकडे होती. मागच्या वर्षी ती तिच्या घरी परत गेली, तेव्हा गुरुवारच्या भजनाच्या सरावासाठी माझ्याजवळ उरले ते लॅपटॉप, पाच सप्तकांचा कीबोर्ड आणि डेक्स्ड नावाचे मोफत सॉफ्टवेअर. डेक्स्ड म्हणजे यामाहाने 1983 मध्ये बाजारात आणलेल्या डीएक्स-7 या सिंथेसायझरची संगणकावरील प्रतिकृती. ध्वनिमुद्रित पेटीचे तयार नमुने मिळतात, हे मला ठाऊक होते. परंतु त्यांत भाता कायमचा ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या हातात राहतो, आणि मला तो माझ्या हातात हवा होता.

डीएक्स-7 मध्ये मुद्रित केलेला आवाज नसतोच. एका लहरीने दुसऱ्या लहरीची कंप्रता वेगाने हलवली की नवे उपस्वर (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे सूर) निर्माण होतात, हे जॉन चाउनिंग यांना 1967 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आढळले आणि त्याच तत्त्वावर हे वाद्य उभे आहे. त्यात अशा सहा लहरी असतात. त्यांना ऑपरेटर म्हणतात आणि त्यांच्या जोडणीचे 32 प्रकार दिलेले आहेत.

माझी सुरुवात चुकली. रीडचे वाद्य म्हणून मी क्लॅरिनेटचा तयार आवाज घेतला आणि दोन रविवार तोच घासत बसलो, पण त्यातला पोकळपणा काही जाईना. पेटी जाण्यापूर्वी फोनवर मुद्रित करून ठेवलेला पांढरी एकचा (सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा) सूर शेवटी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून त्याचा वर्णपट, म्हणजे कोणता उपस्वर किती बलवान आहे याचा आलेख, पाहिला, तेव्हा कारण समजले. क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांत विषम क्रमांकाचे उपस्वर बलवान असतात आणि म्हणून तिथे दोन ऑपरेटरांच्या कंप्रतांचे प्रमाण एकास दोन ठेवलेले असते. पेटीच्या पितळी रीडमध्ये मात्र सम-विषम सगळेच उपस्वर दाटीने उभे असतात. प्रमाण एकास एक केले आणि पहिल्यांदा खोलीत पेटीसारखे काहीतरी वाजले.

त्यानंतर पाचव्या क्रमांकाची जोडणी निवडली, कारण तिच्यात ऑपरेटरांच्या तीन स्वतंत्र जोड्या मिळतात. पहिली जोडी नराची, तिचे दाबलेल्या पट्टीच्या सुराशी प्रमाण 1.00, दुसरी खर्जाची, 0.50. तिसरी जोडी मी पट्टीच्या लाकडी ‘खट’साठी राखली : सहाव्या ऑपरेटरचा फीडबॅक (त्याची लहर त्यालाच परत देण्याचे प्रमाण) पूर्ण 7 वर नेला की त्यातून सूर जाऊन जवळजवळ खरखर उरते, आणि तिला क्षणात विझणारे एन्व्हलप (आवाजाच्या चढ-उताराचा आराखडा) दिले की बोट पडल्याचा आवाज होतो. दोन रीडमधला किंचित हेलकावा आणण्यासाठी मी आधी प्रमाण थोडे-थोडे बदलणारे ‘फाइन’ एक घर पुढे सरकवले होते. त्याने 1.00 चे 1.01 झाले, म्हणजे पांढरी सहाच्या 440 हर्ट्झवर सेकंदाला चारहून अधिक हेलकावे, आणि पेटीचे थेट अकॉर्डियन झाले. त्या कामासाठी ‘डीट्यून’ हे वेगळे, बारीक बटण आहे, तेच वापरावे.

खरी पेटी मात्र वेगळ्याच ठिकाणी सापडली. पेटीची पट्टी कितीही जोरात दाबली तरी आवाज मोठा होत नाही, तो भात्याच्या दाबाने होतो, ही लहानपणापासून हाताला माहीत असलेली गोष्ट मी पडद्यासमोर बसल्यावर विसरलो होतो. सगळ्या ऑपरेटरांची व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी दाबण्याच्या जोराचा परिणाम, शून्य केली आणि आवाजाचा ताबा डाव्या हाताकडच्या मॉड्युलेशन व्हीलला (कीबोर्डवरच्या फिरत्या चाकाला) ‘ईजी बायस’मार्फत, म्हणजे चाकाने ऑपरेटरांची पातळी ठरवण्याच्या सोयीमार्फत, दिला. व्हील पुढे नेताना केवळ आवाज वाढून चालत नाही, दाबासरशी सूर उजळतही गेला पाहिजे. म्हणून उपस्वर घडवणाऱ्या ऑपरेटरांनाही व्हीलची संवेदनशीलता दिली. खर्जाचा जड रीड किंचित उशिरा बोलतो, त्यासाठी त्याच्या एन्व्हलपचा आरंभ मंद केला आणि वरच्या पट्ट्यांवर एन्व्हलप वेगवान करणारे ‘रेट स्केलिंग’ वाढवले, जेणेकरून वरच्या सप्तकात ही सुस्ती राहू नये. त्या रात्री काळी एकमध्ये भूप रागाचे आरोह-अवरोह वाजवताना माझा डावा हात आपोआप भाता घालू लागला.

एवढ्या खटाटोपातून तयार झालेली फाइल फक्त 163 बाइटांची होती. आवाजाला नाव द्यायला दहा जागा मिळतात आणि त्याही रोमन अक्षरांच्या, त्यामुळे ‘खर्ज-नर पेटी’ या नावातली स्वराक्षरे गाळून ते कसेबसे बसवले. नाशिकच्या एका मित्राला ती फाइल पाठवली. त्याचा तासाभरात फोन आला : ‘‘अरे, ही पेटी आहे की रिक्षाचा भोंगा?’’

मला आधी वाटले की फाइल बिघडली. प्रत्यक्षात ती शाबूत होती. डीएक्स-7 च्या रचनेत व्हीलने काय करायचे, सूर किती वाकवायचा, या गोष्टी आवाजाच्या नोंदीत नसतात. त्या वाद्याच्या सर्वसाधारण मांडणीत राहतात आणि डेक्स्डनेही तीच पद्धत पाळली आहे. मित्राकडे ‘ईजी बायस’ बंद होता, म्हणजे भाता सदैव पूर्ण दाबलेला. गांधार कीबोर्डच्या समतानित (सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या) 400 सेंटवरून 386 वर उतरवण्यासाठी (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) मी लावलेली स्वरमांडणीही वेगळ्या फाइलमध्ये होती, आणि ती पाठवायची मला आठवणच राहिली नव्हती.

दुसऱ्या वेळी आवाजाची फाइल, स्वरमांडणीची फाइल आणि अर्ध्या पानाचे टिपण असे तिन्ही एकत्र पाठवले. टिपणात व्हीलची मांडणी, षड्ज कोणत्या पट्टीवर धरला आहे ते, आणि व्हील शून्यावर असताना काहीच ऐकू येणार नाही, भाता घातल्याशिवाय पेटी वाजत नाही, हे स्पष्ट लिहिले. या वेळी त्याने फोन कीबोर्डजवळ ठेवून एक अभंग पूर्ण वाजवून दाखवला आणि म्हणाला, ‘‘खर्ज छान बोलतोय, पण खट जरा जास्त आहे. माझ्या आजोबांची पेटी एवढी वाजत नव्हती.’’ मी पाचव्या ऑपरेटरची पातळी 62 वरून 54 वर आणली आणि फाइल पुन्हा पाठवली.