प्रिंटर वायरवर ठेवायचा की वायफायवर?

जत्रेच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या की आमच्या घरचा प्रिंटर खरा कामाला लागतो. संहिता ६४ पानांची आणि प्रत्येक नटाला स्वतःची प्रत हवी, कारण पेन्सिलीने खुणा करायच्या असतात. गेल्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस चालू होता, संध्याकाळभर वीज जात होती येत होती, साडेसातला मंडळी देवळात जमणार आणि सातला माझ्या लॅपटॉपवर 'प्रिंटर ऑफलाइन'. प्रिंटर समोर चालू दिसतोय, वायफायचा निळा दिवाही स्थिर, मोबाईलवर नेट व्यवस्थित, मग ऑफलाइन नेमकं कोण?

बंद करून चालू केला, काही नाही. मग प्रिंटरच्याच पॅनलवरून नेटवर्क सेटिंगचं पान छापून घेतलं. त्यावर प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता होता १९२.१६८.१.७. लॅपटॉपवर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स उघडून बघितलं तर तिथे १९२.१६८.१.४. म्हणजे लॅपटॉप भलत्याच घराचं दार वाजवत होता. वीज गेली तेव्हा राउटर बंद पडला, परत चालू झाल्यावर त्याने घरातल्या सगळ्यांना नव्याने पत्ते वाटले आणि ४ नंबर गेला मुलीच्या फोनला.

त्या घाईत सेटिंग बदलत बसण्यापेक्षा मी जुन्या स्कॅनरची यूएसबी वायर शोधली, ती एका बाजूला चौकोनी तोंडाची असते ती. लावली, विंडोजने अर्ध्या मिनिटात प्रिंटर ओळखला आणि पानं यायला लागली. साडेसातपर्यंत दोन प्रती निघाल्या, बाकीच्या रात्री काढल्या.

तेव्हापासून ओळखीचं कोणी नवा प्रिंटर घ्यायला निघालं की हा विषय मी मुद्दाम काढतो. कारण दुकानात सगळे वेग विचारतात आणि घरच्या कामाला वेगाने फारसा फरक पडत नाही. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, वायफाय त्यापेक्षा कमी मिळालं तरी साधं मजकुराचं पान एवढंसं असतं, वेळ खरा जातो तो कागद ओढण्यात आणि शाई मारण्यात. मोठे फोटो किंवा शेकडो पानं स्कॅन करून लॅपटॉपवर घेताना मात्र वायर बरी, तिथे फरक डोळ्यांना दिसतो.

खरा प्रश्न एवढाच, की कोण छापणार आणि कुठून. एकच कॉम्प्युटर आणि त्याच टेबलावर प्रिंटर असेल तर वायर लावा आणि विसरून जा, पासवर्ड नको, पत्ता नको, काही नको. फक्त वायर ५ मीटरच्या आतली घ्या, यूएसबी २.० ची मर्यादाच तेवढी आहे.

आमच्याकडे तसं जमत नाही. मुलगी शाळेचं प्रोजेक्ट फोनवरून पाठवते, बायकोचा लॅपटॉप वेगळा, चवथीच्या आधी आईला आरत्या मोठ्या अक्षरात हव्या असतात आणि त्या कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या असतात. ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट म्हणजे आयफोनवरून वायरीशिवाय छापायची सोय आणली, ॲन्ड्रॉइडमध्येही आता छापायची सोय आतच असते, त्यामुळे फोन आणि प्रिंटर एकाच नेटवर्कवर असले की वेगळं ॲप टाकायलाही लागत नाही. हे सुख यूएसबी वायर देत नाही. विंडोजमधून शेअर करता येतं, पण मग तो कॉम्प्युटर सतत चालू ठेवायला लागतो.

वायफायला आमच्या घरातली मोठी अडचण म्हणजे भिंती. जुनं चिऱ्यांचं घर, भिंत दीड फुटाची, राउटर वसरीत आणि प्रिंटर आतल्या खोलीत. घरगुती प्रिंटर बरेचसे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावरच चालतात आणि भिंतीपलीकडे तेच जास्त टिकतं, त्यामुळे राउटरमध्ये ते बंद करू नका. शेवटी आम्ही प्रिंटरच वसरीत राउटरशेजारी आणला. आणि पाहुण्यांसाठी गेस्ट वायफाय ठेवलं असेल तर त्यावरून प्रिंटर बहुतेक दिसत नाही, भाचा तासभर शोधत बसला होता.

पत्त्याचा घोळ कायमचा मिटवायचा तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरचा पत्ता राखून ठेवायचा. डीएचसीपी रिझर्वेशन किंवा ॲड्रेस रिझर्वेशन असं काहीतरी लिहिलेलं असतं, तिथे प्रिंटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाकायचा, तो त्याच छापलेल्या पानावर असतो. मग विंडोजमध्ये 'स्टॅण्डर्ड टीसीपी आयपी पोर्ट' हा पर्याय निवडून प्रिंटर त्या पत्त्याने जोडायचा. पंधरा मिनिटांचं काम आहे, कृपा करून पहिल्याच दिवशी करा! आम्ही ते केल्यापासून वीज कितीदा गेली पण 'ऑफलाइन' परत दिसलं नाही. प्रिंटरच्या मागे इथरनेटचं, म्हणजे नेटवर्कच्या वायरचं, भोक असेल तर आणखी चांगलं, राउटरपासून वायर ओढा, ती १०० मीटरपर्यंत चालते, भिंतींचा त्रास संपतो आणि फोनवरूनही छापता येतं. बऱ्याच प्रिंटरांत ती लावली की वायफाय आपोआप बंद होतं, तेव्हा घाबरू नका. माझ्या मते घरासाठी हीच सगळ्यात चांगली जोडणी, पण स्वस्त इंकजेटमध्ये ते भोक नसतंच, आमच्याकडेही नाही.

पावसाळ्यासाठी एक सांगतो. राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर वीज गेली की वायफायची छपाई थांबते, लॅपटॉप चार्ज असला आणि प्रिंटर इन्व्हर्टरवर असला तरी. राउटर मोजकीच वीज खातो, तो आधी इन्व्हर्टरवर घ्या. इंकजेटही चालतो. लेझर मात्र लावू नका, त्याचा आतला हीटर तापताना एकदम खूप वीज ओढतो आणि छोटा इन्व्हर्टर ट्रिप होतो. आणि ढग गडगडायला लागले की राउटर आणि प्रिंटर दोन्हींचे प्लग काढून ठेवा.

सध्या आमचा प्रिंटर वायफायवर आहे, पत्ता राखून ठेवलेला, आणि ती चौकोनी तोंडाची वायर प्रिंटरला मागून लावूनच ठेवलीय, दुसरं टोक टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने. लॅपटॉपमध्ये दोन नावं आहेत, 'वसरी वायफाय' आणि 'वसरी वायर', म्हणजे कुणीही छापताना गोंधळ नको. यंदाच्या संहितेच्या अकरा प्रती वायरवरून काढल्या आणि त्याच वेळी मुलीने फोनवरून आपलं विज्ञानाचं पान पाठवलं, ते तिसऱ्या आणि चौथ्या प्रतीच्या मधोमध आलं.