मिडलवेअरने काय लपवू नये

सर्वव्यापी संगणनाची कल्पना मार्क वायझर यांनी झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत १९८८ मध्ये मांडली. संगणकाकडे लक्ष न देता त्याचा उपयोग व्हावा, हा तिचा रोख होता. अशा परिसरासाठी मिडलवेअर, म्हणजे प्रोग्रॅम आणि विखुरलेली उपकरणे यांच्यामधला सॉफ्टवेअरचा थर, रचताना मात्र त्याच्या खालचे सगळे झाकून टाकण्याची जुनी सवय आड येते. कॉर्बा या जुन्या मिडलवेअर-मानकाचे मोठेपणच यात होते की दूरच्या यंत्रावरचा ऑब्जेक्ट (प्रोग्रॅमचा एक घटक) जणू आपल्याच यंत्रावर आहे, असे समजून प्रोग्रॅम लिहिता यावा. सर्व्हर जागचे हलत नव्हते तोवर हे खपून गेले. पण जिथे सेन्सरची बॅटरी संपते, फोन खोलीबाहेर जातो आणि वायरलेस जोडणी मध्येच तुटते, तिथे उपकरण जागेवर नसणे ही रोजचीच गोष्ट असते, आणि ती प्रोग्रॅमपासून लपवणारे मिडलवेअर वापरणाऱ्याची दिशाभूल करते.

उपकरणांचे संदेश पोहोचवणाऱ्या एमक्यूटीटी या प्रोटोकॉलमध्ये हे नेमके दिसते. तापमानाचा सेन्सर 'रिटेन' खूण लावून नोंद पाठवतो, ब्रोकर (संदेश वाटणारा मधला सर्व्हर) शेवटची नोंद जपून ठेवतो आणि नवा सबस्क्रायबर (ती नोंद मागणारा प्रोग्रॅम) जोडला गेला की लगेच त्याच्या हाती देतो. सोय उत्तमच आहे. मात्र सेन्सर कालच बंद पडला असला, तरी '२४ अंश' हा आकडा तितक्याच ठामपणे समोर येतो, कारण नोंदीची वेळ आपण स्वतः घातल्याशिवाय संदेशासोबत जात नाही. उपकरण अचानक तुटले तर त्याने आधीच देऊन ठेवलेला संदेश ब्रोकरने इतरांना पाठवावा, अशी 'लास्ट विल'ची तरतूद आहे खरी. पण 'कीप अलाइव्ह', म्हणजे उपकरणाने जास्तीत जास्त किती वेळ गप्प राहावे याचा अवधी, ६० सेकंदांचा असेल, तर ब्रोकर दीडपट, म्हणजे ९० सेकंद वाट पाहून मगच जोडणी तुटल्याचे मानतो. २०१९ मध्ये प्रमाणित झालेल्या पाचव्या आवृत्तीत संदेशाला मुदत घालता येते, पण तीही ऐच्छिक.

सन मायक्रोसिस्टिम्सच्या जिनी या, नेटवर्कवरच्या सेवा शोधून वापरू देणाऱ्या तंत्रज्ञानाने १९९९ मध्येच यावर चांगला तोडगा काढला होता: सेवेची नोंदणी कायमची नसून 'लीज'वर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती असे, आणि नूतनीकरण न झाल्यास ती आपोआप गळून पडे. (जिनीचा प्रसार फारसा झाला नाही, हा वेगळा विषय.) कठीण प्रश्न मुदतीचा. ती आखूड ठेवली, तर नूतनीकरणासाठी रेडिओ वारंवार जागा होऊन बॅटरी खातो. लांब ठेवली, तर गेलेली उपकरणे यादीत तशीच राहतात.

म्हणून सर्वांना एकच मुदत लावू नये, असे माझे मत आहे. दाराच्या कुलपाची स्थिती काही सेकंदांत शिळी होते, तर मातीतील ओलाव्याची नोंद तासभर चालते. किती जुनी नोंद चालेल हे मागणाऱ्या प्रोग्रॅमने सांगावे, आणि तेवढी ताजी नोंद नसेल, तर मिडलवेअरने जुना आकडा न देता 'माहिती उपलब्ध नाही' असे स्पष्ट उत्तर द्यावे.