खोडलेलं रीडिंग

आमचं कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं, गोव्यातल्या सासष्टीतलं. मी तिथं भौतिकशास्त्र शिकवतो. यंदा संस्थेनं श्रद्धा आणि विज्ञान या विषयावर बोलायला दोन शास्त्रज्ञांना पाहुणे म्हणून बोलावलं. एक युरोपातल्या निवृत्त खगोलशास्त्रज्ञ बाई. आयुष्यभर दीर्घिकांचे वर्णपट तपासलेल्या, आणि इथंही रोज पहाटे चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जाणाऱ्या. दुसरे केरळचे, समुद्रतळाच्या गाळाचा अभ्यास करणारे.

अशा कार्यक्रमांची मला मनातून धास्ती वाटते. धर्मग्रंथात सगळं विज्ञान आधीच सांगितलेलं आहे, असं ठासून सांगणारे वक्ते मी आमच्या देवळांच्या सभामंडपांतही ऐकलेत आणि चर्चच्या सभागृहांतही. श्रद्धाळू माणसाची टर उडवून टाळ्या मिळवणारेही ऐकलेत. वाळपई, सांगे, काणकोणहून पहाटेच्या बसने येणाऱ्या आमच्या मुलांच्या हाती दोन्हींकडून काहीच लागत नाही.

बाईंनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट मागितली. प्रदर्शन नको, मुलांचं रोजचं प्रॅक्टिकल बघायचंय. म्हणून मी त्यांना तिसऱ्या वर्षाच्या बॅचला घेऊन गेलो. सोडियमच्या दिव्याच्या प्रकाशाची तरंगलांबी ग्रेटिंगनं, म्हणजे बारीक समांतर रेघा आखलेल्या पट्टीनं, काढायची होती. प्रयोग जुना, सगळ्यांच्या पाठचा. उत्तरही पाठच, ५८९ नॅनोमीटर. ग्रेटिंगवर इंचाला १५,००० रेघा. मधल्या उजेडाच्या डावीकडे आणि उजवीकडे पिवळी रेघ शोधायची, दोन्ही कोन मोजायचे, सरासरी घ्यायची. ग्रेटिंग प्रकाशाला अगदी काटकोनात बसली असेल तर दोन्ही बाजूंचे कोन सारखे येतात, साधारण २० अंश २२ मिनिटं.

एका टेबलाशी वाळपईकडचा एक मुलगा एकटाच होता, जोडीदार आला नव्हता. बाई त्याच्या शेजारी स्टुलावर बसल्या. त्याची वही चाळताना एका ओळीवर थांबल्या. तिथं डावीकडचा कोन लिहिला होता २० अंश ४० मिनिटं, पण कागद खरवडलेला होता. उजेडाकडे तिरपी धरली की खालचा आकडा वाचता येत होता: २१ अंश १० मिनिटं. उजवीकडचा कोन २० अंश ३ मिनिटं, तो तसाच होता.

"हे का खोडलंस?" त्यांनी विचारलं. आवाजात दरडावणी अजिबात नव्हती.

मुलगा गप्प. मग म्हणाला, "मॅडम, उत्तर ५९६ येत होतं."

"मग ५९६ लिही."

"पण ते चूक आहे."

"तू काय पाहिलंस?"

"एकवीस दहा."

"मग चूक कुठे आहे ते त्या एकवीस दहालाच ठाऊक आहे. तूच ते पुसून टाकलंस."

मी शेजारीच उभा होतो. त्यांनी त्याला दोन्ही कोन पुन्हा शेजारी शेजारी लिहायला लावले. एका बाजूला एकवीस दहा, दुसऱ्या बाजूला वीस तीन. एक अंशाहून जास्त फरक. दोन बाजू सारख्या का नाहीत, एवढंच त्याला विचारून त्या थांबल्या. पोरानं डोकं खाजवलं, ग्रेटिंगकडे पाहिलं, ती ज्यावर बसवली होती त्या प्रिझम टेबलाला बोट लावलं. टेबल हललं. खालचा स्क्रू नीट आवळलेलाच नव्हता. काटकोन साधल्यानंतर कधीतरी टेबल सरकलं होतं. गणितानं ते सरकणं जवळजवळ ८ अंश निघालं आणि त्या ८ अंशांनी ५९६ चा हिशेब चोख लागला.

मग त्यांनी त्याला जॉर्ज लमेत्र या बेल्जियन धर्मगुरूबद्दल सांगितलं. विश्व प्रसरण पावतंय हे त्यानं १९२७ मध्ये मांडलं, तेव्हा त्याचा आकडा आला होता मेगापार्सेकमागे, म्हणजे साधारण ३३ लाख प्रकाशवर्षांच्या अंतरामागे, सेकंदाला ६२५ किलोमीटर. आजचा आकडा ७० च्या आसपास आहे. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हबलनं १९२९ मध्ये काढलेला ५०० च्या आसपासचा. त्या वेगानं मागं जाऊन हिशेब केला तर विश्वाचं वय २०० कोटी वर्षांच्या आसपास निघत होतं, म्हणजे पृथ्वीवरच्या जुन्या खडकांहूनही कमी. हे जगाला दिसत होतं, तरी आकडे छापलेले राहिले. अंतरं मोजण्यात चूक आहे हे पुढं कळलं, आणि ते कळायला ते विचित्र आकडेच कामी आले.

दुपारी हॉलमध्ये मुख्य सत्र. केरळच्या सरांचं भाषण मुद्देसूद झालं, पण स्लाइड फार होत्या. खरी सभा प्रश्नोत्तरांना रंगली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं, तिचा भाऊ सेमिनरीत पाद्री व्हायला शिकतोय, उत्साहानं विचारलं, "बिग बँग सिद्ध झालं म्हणजे बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातलं खरं ठरलं ना?"

बाई म्हणाल्या, ज्याच्या कामातून बिग बँगची कल्पना आली त्या लमेत्रलाच हा प्रश्न आवडला नसता. १९५१ मध्ये खुद्द पोप बारावे पायस यांनी एका भाषणात जवळपास तसं सुचवलं होतं, तेव्हा तो अस्वस्थ झाला होता. आपला सिद्धांत उद्या निरीक्षणांनी खोटा ठरू शकतो, तो देवाच्या पुराव्याला जोडू नये, अशी त्याची भूमिका होती. आणि एक सांगते, त्या पुढं म्हणाल्या. केंब्रिजला त्याला शिकवणारा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा, तोही मनापासून श्रद्धाळू. १९१९ चं खग्रास ग्रहण बघायला जो पश्चिम आफ्रिकेच्या प्रिन्सिपे बेटावर गेला होता तोच. तेही बेट तेव्हा गोव्यासारखंच पोर्तुगिजांच्या ताब्यात होतं. विश्वाला अचानक सुरुवात झाली ही कल्पनाच एडिंग्टनला नकोशी वाटायची आणि १९३१ मध्ये त्यानं ते उघड लिहिलं. दोघे देवाला मानणारे, एक सुरुवातीच्या बाजूचा, एक विरोधातला. मग यात धर्म कोणत्या बाजूला होता, सांगा.

मुलगी खाली बसली. चेहरा थोडा उतरला होता तिचा. मला ते उत्तर फार मोलाचं वाटलं. स्वतःच्या धर्माला आयतं मिळणारं प्रमाणपत्र नाकारणारा माणूस मी व्यासपीठावर क्वचितच पाहिलाय.

शेवटी सकाळचा मुलगा उभा राहिला. "मॅडम, तुम्ही प्रार्थनेत काय मागता?"

हॉलमध्ये हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. "बरंच काही मागते. नातवंडांसाठी मागते. पण दुर्बिणीपाशी बसायचे तेव्हा एकच मागायचे, मला हवं तेच मला दिसू नये."

आभार मानायला प्राचार्य फादर उठले. दोन मिनिटांचं काम. पण त्यांनी वेगळाच विषय काढला, आणि मला तो दिवस लक्षात राहील तो त्यामुळे. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे, ते कोण, असं त्यांनी मुलांना विचारलं. फारसे हात वर झाले नाहीत. मग ते सांगू लागले. ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आलेला पोर्तुगीज वैद्य. इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं संवादरूपी पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. हिंग, आंबा, नारळ, पटकीचा रोग, सगळं त्यात आहे. ग्रीक आचार्यांचं म्हणणं आणि आपण डोळ्यांनी पाहिलेलं जुळत नसेल तर तो पाहिलेल्याच्या बाजूनं उभा राहायचा. तो जन्मानं ज्यू घराण्यातला, वरून ख्रिस्ती झालेल्यांपैकी. १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, इथं जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली.

"हे आमच्या चर्चनं केलं," फादर म्हणाले. "गोव्यात श्रद्धा आणि विज्ञान यांवर बोलायचं तर हे रीडिंग वहीत राहिलं पाहिजे. ते खोडून पुढचं गणित मांडता येत नाही."

सकाळची वहीची गोष्ट मी त्यांना जेवताना सांगितली होती.

माझं घर फोंडा तालुक्यात. आमचा देव मंगेश पोर्तुगिजांच्या धाकानं १५६० मध्ये कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळला आणला गेला, ही हकीकत मी आजीच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलोय. ती सांगताना तिचा आवाज नेहमी खाली जायचा. तेच सोळावं शतक एका पाद्रीच्या तोंडून, झगा घालून, पाहुण्यांसमोर, भरल्या हॉलमध्ये मोठ्यानं ऐकायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. शेजारचे एक ज्येष्ठ प्राध्यापक मात्र नाराज होते. पाहुण्यांसमोर हे कशाला, असं त्यांनी नंतर फादरना विचारलं. फादर म्हणाले, "पाहुणे आहेत म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी मुलानं स्क्रू आवळून प्रयोग पुन्हा केला. दोन्हीकडे वीस बावीस. उत्तर ५८९.३. त्यानं नवं पान लावलं, पण जुनं फाडलं नाही. खोडलेल्या आकड्यावर पेननं ठळक २१ अंश १० मिनिटं लिहिलं आणि खाली कारण लिहिलं: प्रिझम टेबलाचा स्क्रू सैल. एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आल्यावर हे पान बघून मार्क कापतील का, असं त्यानं मला विचारलं. कापले तर मी बोलेन त्यांच्याशी, असं सांगितलं.

आपल्या प्रॅक्टिकलच्या गुणदानात रिझल्टला वेगळे मार्क असतात आणि मुलं त्या मार्कांसाठी खोडरबर हातात घेतात. हे थांबवायला हवं. कॉलेजांतर्गत परीक्षेपुरते तरी रिझल्टचे मार्क मूळ रीडिंगला आणि चुकीच्या कारणमीमांसेला द्यावेत, असा प्रस्ताव मी विभागाच्या बैठकीत मांडलाय. दोन सहकाऱ्यांचा विरोध आहे. त्यांचं म्हणणं, मुलं मुद्दाम वाटेल ते रीडिंग लिहितील. माझं म्हणणं, ती आत्ताही तेच करतात, फक्त आकडे पुस्तकातले असतात. पुढच्या बैठकीला मी ती वही घेऊन जाणार आहे. मुलानं हो म्हटलंय.