अडीच फूट गुणिले चाळीस

गुहागरच्या खालच्या पाटात आमचं घर. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळींचं आगर, आगरामागे सुरूचं बन, पुळण आणि मग समुद्र. मी गेली दहा-अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला असतो आणि जमिनीखालच्या पाण्यावर संशोधन करतो. सुट्टीला आलो की आळीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे पाणाडी का रे?" पूर्वी राग यायचा, आता सरळ हो म्हणतो. जमिनीत पाणी कुठे लागेल ते सांगायला पाणाडी तळहातावर नारळ धरतो, मी मांडीवर लॅपटॉप. त्याला निदान पैसे जागेवर मिळतात.

या धंद्यात मी शिरलो तो एका बोअरमुळे. ती बोअर मीच मारायला लावली होती.

२०११ साली एम.एस्सी. जिऑलॉजी होऊन घरी आलो होतो. अंगात नवी नवी विद्या. काकांच्या विहिरीचं पाणी चैत्र-वैशाखात शिंपण्याला पुरत नव्हतं. मी म्हटलं, काका, गाळ किती वर्षं उपसणार? खाली कातळात जाऊ. काका म्हणाले, "तू शिकलायस, तू सांगशील तसं." डिसेंबरात गाडी आली, १२० फुटांपर्यंत गेली, पाणी लागलं आणि गोडं लागलं. पेढेही वाटले. पहिला उन्हाळा झकास गेला. दुसऱ्या मे महिन्यात एका सकाळी काकूनं चहाचा घोट घेतला आणि स्वयंपाकघरात हाक मारली, "दूध नासलंय का गं?" दूध चांगलं होतं. पाणी मचूळ झालं होतं. पावसाळा लागेपर्यंत पोफळींच्या झापांची टोकं करपली. वर्षभरात अकरा पोफळी गेल्या. शेजारच्यांची विहीरही बिघडली. ते अजून आमच्याशी बोलतात, हा त्यांचा मोठेपणा.

झालं काय, तर किनाऱ्यालगत जमिनीखाली समुद्राचं खारं पाणी आत शिरलेलं असतं आणि पावसाचं गोडं पाणी त्याच्यावर तरंगत असतं. खारं पाणी गोड्यापेक्षा जेमतेम अडीच टक्के जड. त्यामुळे विहिरीतलं पाणी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल, तर गोड्या पाण्याचा थर सपाटीखाली साधारण ४० फूट जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बादोन खायबेन नावाच्या डच लष्करी इंजिनिअरनं आणि १९०१ साली हेर्त्सबर्ग या जर्मन माणसानं हा हिशेब स्वतंत्रपणे मांडला. मी तो एम.एस्सी.ला पाठ केला होता. परीक्षेत पाच मार्कांना आलाही होता. पण काकांच्या आगरात उभा असताना तो आठवला नाही.

आठवला तो डेल्फ्टच्या वर्गात, २०१४ साली. सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलं आणि म्हणाले, आपापल्या ओळखीची किनाऱ्यावरची एक विहीर घ्या आणि आकडे घाला. माझ्याकडे विहीर होती, आकडा नव्हता. आमच्या विहिरीतलं पाणी समुद्राच्या किती वर असतं, हे मला माहीत नव्हतं. बोअर मारायच्या आधी एवढं एकच मोजायला हवं होतं.

पुढच्या मे महिन्यात घरी आल्यावर गवंड्याकडून त्याची पाण्याची नळी मागून घेतली. तीच ती, दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत येतं ती. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला चुलतभाऊ. विहिरीच्या काठापासून बांबू रोवत, उंची लिहीत, सुरूच्या बनातून दहा-दहा मीटरनं पुळणीपर्यंत गेलो. भरती कुठवर चढते, ओहोटी कुठवर उतरते, याच्या काठ्या रोवल्या आणि मधली उंची समुद्रसपाटी म्हणून धरली. चार दिवस हाच उद्योग. चुलतभाऊ दर अर्ध्या तासानं विचारत होता, "हे शिकायला तिकडे गेलास?"

उत्तर आलं अडीच फूट. अडीच गुणिले चाळीस, १०० फूट. बोअर १२० फुटांची. कातळाच्या भेगांतून हिशेब इतका सरळ चालत नाही, पण चूक कुठल्या बाजूला झाली ते कळायला तेवढा पुरतो. डिसेंबरात विहीर भरलेली, म्हणून गोड्याचा थरही जाड, म्हणून पेढे. पुढे पंपानं वरचं पाणी जसजसं खाली ओढलं, तसतसं त्याच हिशेबानं, फुटाला चाळीस फूट, खारं वर येऊ लागलं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी लक्षात आली. विहीर चिऱ्यानं बांधलेली. आजी पाणी फुटात मोजायची नाही, चिऱ्यात मोजायची. वैशाखात वरून चौदावा चिरा उघडा पडला की शिंपणं दिवसाआड. का, म्हणून विचारलं तर "विहिरीला दम खाऊ दे" एवढंच सांगायची. मी अडीच फूट मोजले तेव्हा पाणी चौदाव्या चिऱ्याला टेकलं होतं. अर्थात तेव्हा रहाट होता. रहाटाचं पाणी डोणीत पडून पाटानं आळ्यांपर्यंत जाईपर्यंत माणूसही दमायचा आणि विहीरही. पंप दमत नाही.

डचांनी हेच आपल्या आधी भोगलं आहे. १८५३ साली ॲमस्टरडॅम शहरात समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतलं पाणी नळानं आलं आणि वेशीवर एका सेंटला बादली विकलं गेलं. मग मागणी वाढली, टेकड्या आटल्या, खोल विहिरी झाल्या, खालून खारं वर यायची भीती. तिथल्या पाणीखात्याच्या पेनिंक नावाच्या प्रमुखानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काचेच्या पेटीत वाळू भरून प्रयोग केले. त्यात समुद्राच्या पाण्याच्या जागी त्यानं दूध वापरलं. दुधाचं वजन साधारण समुद्राच्या पाण्याएवढं, शिवाय पांढरं, म्हणजे काचेतून दिसतं. वरून गोडं पाणी ओढलं की पांढरा शंकू खालून कसा उठतो, त्याचे फोटो त्यानं काढून ठेवले. विद्यार्थ्यांना दाखवायला आम्ही हा प्रयोग पुन्हा केला. शंकू उठताना पाहिला आणि मला काकूचा चहा आठवला. आईला व्हिडिओ कॉलवर पेटी दाखवली तर ती म्हणाली, "वाळूत दूध? वारुळात ओतलं असतंत तर पुण्य तरी लागलं असतं."

१९५७ पासून हे लोक ऱ्हाईन नदीचं पाणी स्वच्छ करून टेकड्यांत मुरवतात आणि वाळूतून गाळलेलं परत काढतात. इथे पाऊस वर्षाला साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास, आमच्याकडे तीन हजारांच्या वर. तरी टँकर आमच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर येतो, यांच्याकडे नाही. आपला सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, जांभा तो चाळणीसारखा पितो, पायथ्याच्या झऱ्यांतून सोडून देतो आणि समुद्र दोन पावलांवर.

मुलं मेल करून करिअरबद्दल विचारतात, त्यांना थोडक्यात. भूजलात सरकारी वाट हवी तर युपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा आहे, राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. इकडे नेदरलँड्समध्ये पीएच.डी. ही नोकरीच असते, चार वर्षं पगार मिळतो. शेवटी काळ्या झग्यातल्या प्राध्यापकांसमोर तासभर प्रश्न झेलायचे. तास संपला की काठी घेतलेला माणूस आत येऊन लॅटिनमध्ये 'वेळ झाली' म्हणतो. मग वाक्य अर्धं असलं तरी सोडून द्यायचं. माझं अर्धंच होतं. बाबा अजून विचारतात, पुढे काय म्हणणार होतास?

पण आमच्या कामात डिग्रीपेक्षा जुन्या नोंदी महाग. इकडे जमिनीत रोवलेल्या नळीत सोडलेलं यंत्र तासातासाला पाण्याची पातळी टिपतं. केंद्रीय भूजल मंडळ आपल्याकडे ठरावीक विहिरी वर्षातून चारदा मोजतं, जानेवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. आमच्या आळीतल्या विहिरींचं कुणीच काही लिहून ठेवलेलं नव्हतं. म्हणून बोअर बुजवल्यावर, छपराचं पाणी विहिरीकडे वळवल्यावर, आईला कामाला लावलं. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला ती दोरीला दगड बांधून विहिरीत सोडते आणि मला व्हॉट्सॲप करते. "अकरावा चिरा, वर दोन बोटं. चव गोडी." चवीचा रकाना तिनं स्वतःहून घातला. पाण्याचा खारटपणा दाखवणाऱ्या माझ्या वाहकतेच्या मीटरशी तो सहसा जुळतो. विहीर गोडी व्हायला तीन पावसाळे गेले.

गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला. सुंभाची दोरी भिजली की आखडते, तेव्हा आधीच्या सगळ्या आकड्यांत बोटभर तरी घोळ आहे, हे तुला कुणी शिकवलं नाही का? नव्हतं शिकवलं. गणपतीला येताना स्टीलचा टेप आणतोय. एक जादा. शेजारच्या वहिनींनीही मागितलाय.