ट्यूबचं रबर उणे ९० ला का बनवतात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण दरवर्षी वर्गात कुणीतरी हे विचारतंच: सर, थंड केलं की रिअ‍ॅक्शन मंदावते ना, मग ट्यूबचं ब्युटाइल रबर उणे ९० डिग्रीच्या आसपास कशाला बनवायचं?

प्रश्न रास्त आहे. आयसोब्युटिलीन घ्या, म्हणजे या रबराचा कच्चा माल, त्यात अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड आणि पाण्याचा अगदी अंश. दोघं मिळून प्रोटॉन देतात, तो आयसोब्युटिलीनच्या दुहेरी बंधाला चिकटतो आणि एका कार्बनवर प्लस चार्ज येतो. हा कार्बन इलेक्ट्रॉनसाठी इतका हपापलेला असतो की शेजारच्या रेणूचा दुहेरी बंध ओढून घेतो, मग चार्ज त्या नव्या टोकाला जातो, ते टोक पुढच्याला ओढतं, आणि अशी साखळी वाढत जाते. हेच कॅटायनिक पॉलिमरायझेशन. सेकंदभरात काम उरकतं, आणि हो, उणे ९० लाच!

गोची अशी की हे टोक भलतं चंचल. जरा ऊब मिळाली की आपला एक प्रोटॉन दुसऱ्या मोनोमरला (साखळीत अजून न जोडलेल्या रेणूला) देऊन मोकळं होतं, साखळी तिथेच आखूड राहते. या पळवाटेला वाढीपेक्षा जास्त ऊर्जा लागते, म्हणून गारठवलं की पळवाट अडते आणि वाढ चालू राहते. थंडी वेगासाठी नाही, लांबीसाठी.

मी एमएस्सीला असताना जुलैत, मुंबईच्या दमट हवेत, स्टायरीन या दुसऱ्या मोनोमरवर हाच प्रयोग केला होता. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडची बाटली उघडताच धूर, आणि शेवटी फ्लास्कमध्ये काकवीसारखं काहीतरी चिकट. अंशभर पाणी सुरुवात करून देतं, जास्त झालं की तेच वाढत्या टोकांना गिळतं, हे मला पुस्तकापेक्षा तो फ्लास्क धुताना जास्त कळलं.

१९३७ मध्ये अमेरिकेत स्पार्क्स आणि थॉमस यांनी आयसोब्युटिलीनमध्ये थोडंसं आयसोप्रीन मिसळून ब्युटाइल रबर बनवलं. नुसत्या पॉलिआयसोब्युटिलीनच्या साखळीत दुहेरी बंध जवळपास नसतातच, मग रबर पक्कं करताना साखळ्या एकमेकींना जोडणारं गंधक पकडणार कशाला? आयसोप्रीन तेवढे मोजके बंध पुरवतं. कारखान्यात हे सगळं मिथाइल क्लोराइडमध्ये चालतं आणि निघणारी उष्णता उकळणारं द्रव इथिलीन शोषून घेतं, म्हणजे खरा खर्च थंडीचाच.

एवढा खटाटोप का, तर या रबरातून हवा नैसर्गिक रबरापेक्षा खूपच कमी झिरपते, म्हणून ट्यूब त्याची. ट्यूबलेस टायरच्या आतला थर क्लोरीन किंवा ब्रोमिन लावलेल्या ब्युटाइलचा असतो, इंजेक्शनच्या बाटलीचं ते करडं बूचही बहुतेक त्याचंच. आयसोप्रीन नसलेलं पॉलिआयसोब्युटिलीन चिकटपट्टीच्या गोंदात जातं, आणि च्युइंगमच्या बेसमध्येसुद्धा. हे सांगितलं की वर्गातली दोन-चार तोंडं लगेच चघळायची थांबतात.